सॉल्ट लेक सिटीत क्लाइंबिंग जिम निवडायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी पुण्याहून सॉल्ट लेक सिटीच्या खोऱ्यात येताय, ऑफिस दक्षिणेकडच्या लीहाय गावात आहे, घर अजून ठरायचंय. तुम्ही क्लबबरोबर सह्याद्रीत बरीच वर्षं प्रस्तरारोहण केलंय, ड्यूक्स नोज आणि तैलबैला झालंय. नवऱ्याने आजवर हार्नेस घातलेला नाही आणि मुलगी नऊ वर्षांची आहे. इथे क्लाइंबिंग जिम भरपूर दिसतात, तर त्यातली सर्वांत चांगली कोणती, एक नाव सांगा.

एक नाव सांगून मोकळं होणं मला पटत नाही. जिमची इमारत तीच राहते, पण भिंतीवरचे मार्ग काही आठवड्यांनी बदलतात आणि ते बसवणारी माणसं वर्षा-दोन वर्षांत बदलतात. आज उत्तम असलेली जिम पुढच्या हिवाळ्यात मध्यम होऊ शकते. मी इथे बरीच वर्षं चढतोय, काही काळ भिंतीवर होल्ड (हातापायांनी धरायचे ठोकळे) बसवायचं कामही केलंय, नवशिक्यांना बिले (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं) शिकवलाय. त्या अनुभवावरून निवड कशी करायची ते सांगतो. माझी मतं ठाम आहेत, ती तशीच मांडतो.

आधी एक फरक लक्षात घ्या. ह्यूस्टन किंवा शिकागोसारख्या सपाट शहरात राहणाऱ्यासाठी जिम हाच डोंगर असतो. तिथे ‘सर्वांत मोठी, सर्वांत उंच जिम कोणती’ हा प्रश्न बरोबर आहे. इथे वॉसॅच पर्वतरांग शहराला खेटून उभी आहे. लिटल कॉटनवुड कॅन्यनचं (कॅन्यन म्हणजे खोल, अरुंद दरी) तोंड सँडी या उपनगराच्या टोकाला येतं आणि गाडी लावून पाच-दहा मिनिटं चाललं की ग्रॅनाइटला हात लागतो. बिग कॉटनवुड तिथून जवळच. लीहायहून अमेरिकन फोर्क कॅन्यन तर आणखी सोयीचा. एवढं सगळं दाराशी असताना जिमकडून डोंगराची नक्कल मागू नका. डोंगर जे देऊ शकत नाही ते तिने द्यावं: अंधार लवकर पडतो त्या दिवसांतली संध्याकाळ, बोटांची ताकद, दोराच्या दुसऱ्या टोकाला भरवशाचं माणूस, आणि तुमच्या मुलीला पडायला शिकण्याची जागा.

म्हणून माझी कसोटी एकच. जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता ती जिम कशी असते ते पाहा.

कारण इथला हिवाळा. पूर्वेला वॉसॅच आणि पश्चिमेला ओकर या दोन रांगांच्या मध्ये हे खोरं बशीसारखं आहे. थंडीत जड गार हवा तळाला साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि गाड्यांचा, घरांचा धूर त्याखाली कोंडतो. हवेतले बारीक कण दिवसेंदिवस वाढत जातात आणि एखादं वादळ येऊन हवा ढवळेपर्यंत ते जात नाहीत. इथे याला नुसतं ‘इन्व्हर्जन’ म्हणतात. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, कॅन्यनमध्ये बर्फ असतं, बाहेर पळायला जाऊ नका असं हवामानवाले सांगतात. अशा वेळी खोऱ्यातला प्रत्येक क्लाइंबर ऑफिस सुटल्यावर जिममध्ये येतो. दोराच्या भिंतीवर रांगा, बोल्डरिंगच्या (दोराशिवाय, कमी उंचीवर चढायच्या) गाद्यांवर पाय ठेवायला जागा नाही, पार्किंगला चकरा.

नवे लोक मात्र बहुधा मे ते ऑगस्टमध्ये येतात, कारण नोकऱ्या आणि विद्यापीठांची सत्रं त्या सुमारास सुरू होतात. ते एखाद्या लखलखीत संध्याकाळी जिम पाहायला जातात. तेव्हा निम्मं गाव कॅन्यनमध्ये असतं आणि आत शांतता, मोकळ्या भिंती, हसतमुख कर्मचारी. तिथेच ते वर्षाचा करार करून टाकतात. डोंगराच्या गावात जिमची गर्दी हवामानाच्या उलट चालते. तुम्ही उन्हाळ्यात येणार असाल तर पावसाची किंवा वणव्याच्या धुराची संध्याकाळ गाठून जा, आणि काउंटरवर न विचारता आत चढणाऱ्या दोघा-तिघांना विचारा की हिवाळ्यात ऑटोबिलेसाठी (सोबत्याऐवजी दोर सांभाळणारं यंत्र) किती वेळ थांबावं लागतं. ते खरं सांगतात.

मंगळवार म्हटला, कारण आठवड्याच्या मधल्या दिवशी तुम्ही खरंच जाणार आहात का हा त्यातला दुसरा प्रश्न. लीहाय आणि सॉल्ट लेक यांच्यामध्ये ‘पॉइंट ऑफ द माउंटन’ म्हणून एक खिंडीसारखी जागा आहे. आय-१५ महामार्ग तिथून जातो आणि संध्याकाळी तिथे गाड्या खोळंबतात, बर्फ पडलं की जास्तच. ऑफिस लीहायला, घर लीहायला आणि जिम शहराच्या मध्यभागी असं केलंत तर नोव्हेंबरपर्यंत उत्साह टिकेल, पुढे नाही. ऑफिस ते घर या वाटेवर किंवा वाटेपासून जेमतेम पंधरा मिनिटं आत असलेली साधी जिम ही दूरच्या झगमगीत जिमपेक्षा तुम्हाला जास्त चढवेल. आठवड्यातून दोन-तीनदा गेलं तरच बोटांचे स्नायुबंध हळूहळू कणखर होतात. महिन्यातून एकदा जाऊन जिवावर उदार होऊन लटकलं की दुखापत होते. अंतराला मी सगळ्यात जास्त गुण देतो, भिंतीच्या उंचीपेक्षाही.

आता भिंतीवरच्या मार्गांकडे येतो, कारण जिमचा जीव तिथे आहे.

मार्ग बसवणाऱ्याला इथे सेटर म्हणतात. चांगला सेटर प्रत्येक मार्गात एक विचार ठेवतो: इथे पाय आधी, इथे कंबर भिंतीला लावा, इथे श्वास घ्या. वाईट सेटर फक्त होल्ड दूर-दूर लावून मार्ग अवघड करतो. हे ओळखायचं कसं? तुमच्या ताकदीच्या टोकाचे मार्ग करून पाहू नका, तिथे दमणूकच होते आणि काही कळत नाही. तुम्हाला सहज जमतील असे, ५.८ आणि ५.९ या ग्रेडचे चार-पाच मार्ग करा (टिंबानंतरचा आकडा जितका मोठा तितका मार्ग अवघड, ५.१० हा ५.९ च्या पुढचा). सोप्या मार्गांवर मेहनत घेतलेली दिसली तर ती जिम चांगली. सगळे सोपे मार्ग शिडीसारखे एकसारखे असतील, तर तिथे नवशिक्यांकडून पैसे घेतात आणि लक्ष दुसऱ्यांकडे देतात असं समजा. तुमच्या मुलीसाठी आणि नवऱ्यासाठी हेच मार्ग वर्षभर असणार आहेत.

उंचीचाही हिशेब करा. अनेक ठिकाणी सेटर उंच पुरुष असतात आणि नकळत आपल्या हाताच्या मापाने होल्ड लावतात. पाच फुटांच्या आसपासच्या बाईला मधे पाय टेकवायला एखादा बारीक होल्ड मिळतो का, की प्रत्येक वेळी उडीच मारावी लागते? सेटरांच्या गटात बायका आहेत का हे सरळ विचारा. मी काम करायचो तेव्हा आमच्या गटात ठेंगणी सेटर आली आणि तिने चढून पाहिल्याशिवाय मार्ग खुला करायचा नाही असा नियम झाला. त्यानंतर भिंत सगळ्यांसाठीच सुधारली, उंचांसाठीसुद्धा, कारण नुसतं हात लांब करून सुटका होईना.

मार्गाच्या सुरुवातीला बहुतेक ठिकाणी तारखेची चिठ्ठी असते, ती वाचा. दोन-अडीच महिन्यांहून जुने मार्ग बरेच दिसले, होल्ड खडूने आणि रबराने गुळगुळीत झालेले दिसले, हात लावल्यावर होल्ड फिरला आणि कर्मचाऱ्याला सांगितल्यावर त्याने फक्त मान हलवली, तर पुढे पाहायची गरज नाही. फिरणारा होल्ड कुठेही सापडू शकतो. सांगितल्यावर तो किती वेळात घट्ट होतो यावरून जिम चालवणाऱ्याचा स्वभाव कळतो.

या गावाचा एक विशेष आहे, तो तुम्हाला भिंतीवर लगेच दिसेल. स्पर्धात्मक क्लाइंबिंगशी इथलं नातं जुनं आहे. १९८८ साली लिटल कॉटनवुडमधल्या स्नोबर्डला, क्लिफ लॉज या हॉटेलच्या बाहेरच्या भिंतीवर होल्ड लावून अमेरिकेतली पहिली आंतरराष्ट्रीय स्पोर्ट क्लाइंबिंग स्पर्धा झाली. ऑग्डेनचा गिर्यारोहक जेफ लोव याने ती घडवून आणली. २०१८ मध्ये यूएसए क्लाइंबिंग या राष्ट्रीय संघटनेने आपलं मुख्यालय बोल्डरहून इथे हलवलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलेला नॅथनिएल कोलमन याच खोऱ्यातला. तुम्ही कदाचित २०१६ आणि २०१७ मध्ये गिरिविहार या मुंबईच्या गिर्यारोहण संस्थेने नवी मुंबईत भरवलेला बोल्डरिंगचा विश्वचषक पाहिला असेल. तिथे भिंतीवर मोठमोठे रंगीत ठोकळे होते आणि धावत जाऊन, उडी मारून धरायचे मार्ग होते. आता तीच शैली इथल्या रोजच्या जिममध्ये उतरली आहे.

ती शैली मजेदार आहे, शरीराला नवं काही शिकवते, मुलांना तर वेडच लागतं. पण खऱ्या कातळावर तिचा उपयोग मर्यादित आहे. बोल्डरिंगची सगळी भिंत अशा उड्यांनी भरली असेल, तर तुमच्यासारखीला ती जिम पुरणार नाही. निम्मी भिंत तशी आणि निम्मी बारीक काठ, चिमटीत धरायचे होल्ड, पायांवर तोलायचे मार्ग अशी विभागणी मला योग्य वाटते.

यावरून पुढचा मुद्दा, आणि तुमच्या बाबतीत हाच सर्वांत महत्त्वाचा. तुम्ही बाहेर कोणत्या दगडावर चढणार आहात?

इथल्या कॅन्यनमध्ये काही मैलांवर दगड बदलतो आणि चढण्याची पद्धतही. लिटल कॉटनवुडचा करडा-पांढरा दगड, ज्यातून शहरातलं मॉर्मन मंदिर बांधलं, सगळे त्याला ग्रॅनाइटच म्हणतात, जरी भूशास्त्रज्ञ क्वार्ट्झ मॉन्झोनाइट म्हणत असले. तिथे तिरप्या गुळगुळीत पाट्या आणि भेगा. हाताला काही नसतं, बुटाच्या रबरावर विश्वास टाकून उभं राहायचं. बिग कॉटनवुडला क्वार्टझाइट, त्यात चौकोनी काठ आणि उभे मार्ग. अमेरिकन फोर्कला चुनखडक, अंगावर येणारे, बोल्ट (दोर अडकवायला कातळात ठोकलेले खिळे) लावलेले मार्ग. दक्षिणेला दोनेक तासांवर मेपल कॅन्यन, तिथे नदीतले गोटे सिमेंटमध्ये रोवावेत तसा दगड आणि बाहेर झुकलेल्या भिंती. त्याहून पुढे जोज व्हॅलीला वालुकाश्माचे बोल्डर. आणि दूर, अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर इंडियन क्रीक, जिथे वालुकाश्मातल्या सरळ भेगांत मुठी आणि तळवे घट्ट रोवून वर जायचं.

तुम्ही सह्याद्रीतून येताय. आपला बेसॉल्ट थरांचा, मधे माती आणि गवताचे पट्टे, सुटे धोंडे. त्यामुळे होल्डवर वजन टाकण्याआधी तो ठोकून पाहणं, पाय जपून ठेवणं, घाई न करणं हे तुमच्या अंगात मुरलेलं असणार. लिटल कॉटनवुडच्या पाट्यांवर तुम्ही इथल्या जिममध्ये वाढलेल्या पोरांपेक्षा शांतपणे चढाल, हे मी पैजेवर सांगतो. पण अंगावर येणाऱ्या भिंतीवर, जिथे पोटाच्या आणि बोटांच्या जोरावर पाय भिंतीवर टिकवायचे असतात, तिथे तुमची दमछाक होईल. सह्याद्रीत तसं चढायची वेळ त्या मानाने कमी येते. तेव्हा तुम्ही अशी जिम पाहा जिच्यात साधारण तीस-चाळीस अंश बाहेर झुकलेल्या दोराच्या भिंती भरपूर आहेत आणि त्यांवर सोपे मार्गही आहेत. बऱ्याच ठिकाणी झुकलेल्या भिंतीवर सगळे मार्ग ५.११ च्या वरचे असतात. ५.९ किंवा ५.१० चे मोठे, घट्ट होल्ड लावलेले मार्ग झुकलेल्या भिंतीवर आहेत का, हे बघाच. अमेरिकन फोर्क आणि मेपलसाठी तीच तयारी लागते.

इंडियन क्रीकचं वेड लागलं तर भेगांसाठी वेगळी सोय हवी. काही जिममध्ये भिंतीतच भेग ठेवलेली असते, काही ठिकाणी बाजूला समांतर फळ्या जोडून केलेली असते. ज्या जिमला त्या भेगेची कदर आहे तिथे हाताला बांधायची टेप विकायला असते आणि महिन्यातून एखादा वर्ग होतो. जिथे कदर नाही तिथे भेगेसमोर सामान ठेवलेलं असतं.

जिमच्या ग्रेडवर मात्र विसंबू नका. जिममध्ये ५.१० सहज जमायला लागलं म्हणून लिटल कॉटनवुडला ५.१० वर लीड (पुढे राहून, दोर स्वतः अडकवत चढणं) घेऊ नका. तिथल्या जुन्या मार्गांचे ग्रेड कडक आहेत आणि बोल्ट लांब लांब. ५.६, ५.७ पासून सुरुवात करा.

आता बिले. यावर मी कुठलीही तडजोड करत नाही.

भारतातलं तुमचं प्रमाणपत्र इथे चालणार नाही, प्रत्येक जिम आपली परीक्षा घेते. एका जिममधली परीक्षा दुसरीकडे धरत नाहीत. याचा राग मानू नका. उलट परीक्षा कशी घेतात ते बारकाईने पाहा, कारण तिथे सर्वांची अशीच परीक्षा झालेली असते आणि तुमच्या शेजारच्या दोरावर तीच माणसं असतात. लीडच्या परीक्षेत चढणाऱ्याला खरंच पडायला लावतात का? बिले देणाऱ्याचा ब्रेकचा (दोर रोखून धरणारा) हात क्षणभरही सुटला तर थांबवतात का? की दोन मिनिटांत गाठ पाहून कार्ड हातात देतात? मी एका जिममध्ये असंच कार्ड मिळालेलं पाहिलंय. त्याच संध्याकाळी तिथे बिलेअर भिंतीपासून लांब, दोर सैल सोडून गप्पा मारत उभा होता आणि कोणी त्याला टोकलं नाही. मी तिथे पुन्हा गेलो नाही.

चांगल्या जिममध्ये एक कर्मचारी सतत फिरत असतो. त्याची नजर गाठीवर, कॅराबिनरवर (दोर अडकवायची कडी), ब्रेकच्या हातावर असते आणि तो नम्रपणे पण लगेच बोलतो. बऱ्याच ठिकाणी आता ग्रीग्रीसारखं आपोआप पकडणारं साधन सक्तीचं आहे. तुम्ही क्लबमध्ये फिगर-ऑफ-एट किंवा एटीसी या आपोआप न पकडणाऱ्या साधनांवर शिकला असाल तर ग्रीग्रीवर लीडचा दोर झटकन कसा सोडायचा हे नव्याने शिका. साधन स्वतः पकडतं म्हणून हात सोडायची सवय लागली तर तेच घातक ठरतं. योगायोगाने ही साधनं बनवणाऱ्या ब्लॅक डायमंडचं मुख्यालय आणि पेट्झलचं अमेरिकेतलं कार्यालय याच खोऱ्यात आहे, त्यामुळे साधनांबद्दल इथल्या जिममध्ये जाणकार माणसं सहज भेटतात. विचारायला लाजू नका.

नवरा तुमच्यापेक्षा बराच वजनदार असेल तर तो लीडवर पडल्यावर तुम्ही झटक्याने उचलल्या जाऊन पहिल्या क्लिपवर आदळू शकता. एडेलरिडचं ओम नावाचं एक साधन पहिल्या बोल्टला लावलं की दोरात घर्षण वाढतं आणि हा झटका कमी होतो. जिममध्ये ते वापरू देतात का, उसनं मिळतं का, हेही विचारून ठेवा.

ऑटोबिले नवऱ्यासाठी वरदान आहे. सोबती नसताना, तुम्ही मुलीकडे असताना, त्याला एकट्याला चढता येईल. यंत्रं भरवशाची असतात. काहींत चुंबकीय ब्रेक असतो, काहींत केंद्रोत्सारी बलावर चालणारा, आणि त्यांची ठरावीक मुदतीने तपासणी होते. अपघात होतो तो बहुधा एका कारणाने: माणूस क्लिप न लावताच चढायला लागतो. चांगले चढणारेही यात सापडतात, कारण सवयीने हात आपोआप चालतात. म्हणून मार्गाच्या तळाशी जमिनीपर्यंत येणारा मोठा त्रिकोणी पडदा असतो, क्लिप काढल्याशिवाय मार्ग मोकळाच होत नाही. हे पडदे प्रत्येक ऑटोबिलेवर आहेत का आणि वापरात आहेत का, की बाजूला सरकवून ठेवलेत, ते पाहा. मुलीला घेऊन जाणार असाल तर हे आधी पाहा.

मुलीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे पालक लवकर वाहवत जातात. नऊ वर्षांच्या मुलीला आठवड्यातून एकदा खेळीमेळीचा वर्ग पुरे. इथल्या जिममध्ये स्पर्धांचे युवा संघ आहेत, प्रशिक्षण उत्तम असतं, पण ते गंभीर प्रकरण आहे: वेळापत्रक, प्रवास, खर्च. तिला स्वतःला ओढ लागली तर वर्षभराने बघा. वाढीच्या वयात बोटांच्या हाडांच्या टोकाशी वाढीची चकती असते आणि अती ताण दिला तर ती तुटू शकते. तेरा-चौदाच्या आसपासच्या मुलांत ही दुखापत होते आणि ती पुष्कळदा मधल्या बोटाला. म्हणून लहान मुलांना कॅम्पस बोर्डवर पाय सोडून, नुसत्या हातांनी उड्या मारत चढवणारा प्रशिक्षक दिसला तर मुलीला तिथे पाठवू नका. प्रशिक्षकांनी सेफस्पोर्टचं (खेळाडूंना अत्याचारापासून जपण्याचं) प्रशिक्षण घेतलंय का, एका प्रशिक्षकामागे किती मुलं, आणि पहिल्याच दिवशी पडायचं कसं हे शिकवतात का, हे विचारा. पडणं म्हणजे गुडघे वाकवून दोन्ही पायांवर, मग मागे लोळत, हात छातीशी. हात मागे टेकला की मनगट गेलं. बोल्डरिंगच्या भिंतीखाली मुलं धावताना दिसत असतील आणि कोणी हटकत नसेल, तर तिथली गादी कितीही जाड असली तरी मला ती जागा धोक्याची वाटते.

हवेचाही विचार करा. आत खडूची पूड उडत असते आणि इन्व्हर्जनच्या दिवसांत बाहेरची हवाही आत ओढून उपयोग नाही, ती गाळूनच घ्यावी लागते. २०२५ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठ आणि लोझानच्या ईपीएफएल संस्थेच्या संशोधकांनी बोल्डरिंग हॉलच्या हवेत बुटांच्या रबरातली रसायनं लक्षणीय प्रमाणात असल्याचं दाखवलं. घाबरून चढणं सोडायची ही गोष्ट नाही. पण फिल्टर कोणते आहेत, कधी बदलतात, होल्ड किती वेळा धुतात, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ज्यांना उत्तर पाठ असतं ते हे काम मनापासून करतात. आत शिरल्यावर दहा मिनिटांत घसा खवखवला तर तेच उत्तर समजा. गर्दीच्या वेळी ही परीक्षा घ्या.

प्रशिक्षणाच्या बोर्डांबद्दल (होल्ड लावलेल्या, बाहेर झुकलेल्या सरावाच्या फळ्या) फार लिहीत नाही. मूनबोर्ड, किल्टर, टेन्शन यांपैकी एखादा बहुतेक जिममध्ये असतोच. नवऱ्याने पहिलं वर्षभर त्याच्या वाटेला जाऊ नये. तुम्ही हात लावायचा झाला तर कोन बदलता येतो असा किल्टर कमी उतारावर ठेवून सुरुवात करा. स्नायू महिन्या-दोन महिन्यांत तयार होतात, स्नायुबंधांना त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

पैशांचा हिशेब करताना इथलं ऋतुचक्र धरा. तुम्ही मे ते ऑक्टोबर शनिवार-रविवार बाहेर असणार, कदाचित हिवाळ्यात स्कीइंगचाही नाद लागेल. एका दिवसाचा पास साधारण वीस ते तीस डॉलरच्या घरात असतो. त्याने महिन्याची वर्गणी भागा. महिन्यातून चार-पाच वेळांपेक्षा कमी जाणार असाल तर दहा वेळांचं कार्ड घ्या. वर्गणी घेतलीत तर उन्हाळ्यात ती गोठवता येते का, किती महिने आणि किती शुल्कात, हे लेखी बघा. रद्द करायला किती दिवस आधी सांगावं लागतं तेही. कुटुंबाची एकत्र वर्गणी बऱ्याच ठिकाणी स्वस्त पडते, पण मुलगी त्यात कोणत्या वयापर्यंत आणि कोणाच्या देखरेखीखाली चढू शकते हे वेगळं विचारावं लागतं. सही करायचा जो कायदेशीर कागद असतो तो वाचा. कोणी वाचत नाही, तुम्ही वाचा.

बाहेरच्या कातळाशी जिमचं नातं कसं आहे, ते मी शेवटी पाहतो पण मला त्याचं मोल फार वाटतं. जिममध्ये वर पोचलं की दोर आधीच अडकवलेला असतो. बाहेर वरच्या अँकरवरून (मार्गाच्या टोकाला दोर अडकवायची जागा) आपलं सामान सोडवून सुरक्षित खाली येणं हे वेगळं कौशल्य आहे आणि तिथेच जिममधून थेट बाहेर गेलेल्यांचे अपघात होतात. दोराच्या टोकाला गाठ नसल्यामुळे उतरवताना दोर संपून माणूस पडणं हाही तसाच प्रकार. ज्या जिममध्ये अँकर सोडवण्याचा वर्ग जमिनीपासून हातभर उंचीवर बसवलेल्या सरावाच्या अँकरवर नियमित होतो, ती आपल्या लोकांची जबाबदारी घेते. इथे सॉल्ट लेक क्लाइंबर्स अलायन्स नावाची संस्था आहे. ती बोल्ट बदलते, वाटा दुरुस्त करते, आणि लिटल कॉटनवुडमधली गेट बट्रेस ही खासगी मालकीची जागा २०१७ मध्ये भाडेपट्ट्याने घेऊन तिने चढणाऱ्यांसाठी खुली ठेवली. तिच्या कामाच्या दिवसांचे फलक जिममध्ये लागलेले दिसले, तर तिथे बाहेर चढणारी माणसं येतात हे नक्की. सोबती शोधायला तीच जागा. पाऊस पडून गेल्यावर ओल्या वालुकाश्मावर चढायचं नाही, होल्ड तुटतात, हे इथल्या लोकांकडून लगेच शिकायला मिळतं. तशा शनिवारी जिम भरलेली असणं ही चांगली खूण आहे.

आता नावं. लीहायला ऑफिस आहे तर मोमेंटम या जिमचं लीहायचं केंद्र तुमच्या वाटेवर येतं, घर उत्तरेकडे सँडीच्या बाजूला घेतलंत तर त्यांचंच सँडीचं केंद्र. त्यांचं तिसरं मिलक्रीकला आहे. द फ्रंट ही दुसरी जुनी संस्था, सॉल्ट लेक शहरात आणि ऑग्डेनला. लीहायहून ती रोजच्यासाठी लांब पडेल, पण एखाद्या रविवारी अवश्य जाऊन या, म्हणजे तुलना करायला डोळा तयार होईल. तुमच्या ओळखीचं कोणी युटा विद्यापीठात शिकत असेल तर त्यांना विद्यापीठाच्या व्यायामशाळेतली भिंत सुरुवातीला पुरेल.

बूट भारतातून घेऊन येऊ नका, इथे घालून पाहून घ्या. हवा खूप कोरडी आहे आणि शहर तेराशे मीटरच्या आसपास उंचीवर, त्यामुळे पहिल्या आठवड्यांत बोटांची कातडी तडकेल. मलम रात्री लावा, चढण्याआधी नाही. घर सँडीकडे घेताय की लीहायकडे, एवढं ठरलं की कळवा. त्या बाजूच्या जिममध्ये सध्या झुकलेल्या भिंतीवर सोपे मार्ग कुठे आहेत ते मी जाऊन पाहून सांगतो.